कमानिया से उठानी है

तुमच्या चिन्मयीची शाळेतली नोकरी कशी वाचली असं जबलपुरातल्या चेरीतालच्या अच्युतरावांना कोणी विचारलं, तर ते सरळ सांगतात, एका बिंदीमुळे. कपाळावरच्या नव्हे, अक्षरावरच्या. तीही होती म्हणून नाही, नव्हती म्हणून. ऐकणारा गोंधळतो, आणि अच्युतराव खुर्ची पुढे ओढतात. म्हणजे आता अर्धा तास तरी सुटका नाही. त्यांच्या सांगण्यात बेबीदीदीचे आभार तीन वेळा येतात, योगेंद्रचे दोन वेळा, आणि मधूनमधून स्वतःला शिव्या. आपण शिव्या जरा कमी करू आणि पहिल्यापासून सांगू.

अच्युतराव म्हणजे चौतीस वर्षं फौजी ट्रकांच्या कारखान्यात चेसिस जोडलेला माणूस. चेसिस म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. त्याच्यावर मग केबिन आणि हौदा चढतो. रिटायर होताना हे उजवा गुडघा तिथेच ठेवून आले, असं त्यांच्या बायको प्रमोदिनीबाई म्हणायच्या. अच्युतरावांना ते खपायचं नाही. गुडघ्याला काय धाड भरलीय, असं म्हणायचे, आणि गच्चीचा जिना चढताना निम्म्यात थांबून शेजारच्या पेरूला किती फळं आलीत ते मोजायचे. पेरूला फळं नसली तरी मोजायचे.

चिन्मयी त्यांची एकुलती एक. एकोणिसाव्या वर्षी स्कूटरवरून पडली आणि कमरेखालचं अंग गेलं. त्याला आता दहा वर्षं झाली आणि घरात त्याबद्दल कोणी रडत बसत नाही. ती गणितात एम.एस्सी. झाली, परीक्षा देऊन सरकारी शाळेत लागली, आणि नेमणूक आली ती बरगीच्या पलीकडे, मोहनिया नावाच्या खेड्यात. सगळ्यांनी सांगितलं, घेऊ नको. तिनं घेतली. मग अच्युतरावांनी लिलावातली जुनी पिकअप आणली. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हातानं चालतील असे करून घेतले, आरटीओचे कागद केले, आणि ड्रायव्हरच्या दाराखाली चेसिसला लोखंडाची घडीची बैठक वेल्ड केली. बैठकीवर बसवला प्रमोदिनीबाईंच्या लग्नातला पाट. व्हीलचेअरवरून फळी लावून पाटावर सरकायचं, पाटावरून हातांच्या जोरावर सीटवर, मग खुर्चीची घडी घालून ती शेजारी ओढून घ्यायची. सगळ्याला सात मिनिटं लागायची. गाडी दोन माणसांचीच होती, पण घरात तिला ट्रक म्हणत, कारण अच्युतरावांच्या तोंडात दुसरा शब्द बसतच नव्हता.

चिन्मयीचा एक नियम होता. तिला कोणी उचलायचं नाही. हॉस्पिटलातून आल्यावर पहिली दोन वर्षं बाबाच तिला उचलायचे, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर. मग एके दिवशी ती म्हणाली, बस झालं बाबा, आता मी करून घेईन. तेव्हापासून तीच करते. पण अच्युतरावांचे हात ऐकत नसत. ती सरकायला लागली की ते आपोआप पुढे जायचे. ती नुसती बघायची, आणि हात खिशात जायचे.

आता रपट्याबद्दल. मोहनियाच्या अलीकडे एक नाला आहे आणि नाल्यावर रपटा, म्हणजे पावसाळ्यात पाणी वरून वाहून जाईल असा बुटका पूल. गेल्या पुरात तो मधोमध उखडला. गावकऱ्यांनी दगड आणून भरले. चाकांच्या जागी पुन्हा खड्डे पडले, आणि मध्ये दगडांचा उंचवटा राहिला, तो बरोबर ट्रकच्या पोटाला लागायचा. खट्ट. रोज जाताना एकदा, येताना एकदा. फेब्रुवारीत एकदा पोट टेकलं ते टेकलंच. चाकं नुसती फिरत राहिली. फोनला रेंज नाही. दीड तासानं गावची चार माणसं आली. भली माणसं. त्यांनी दार उघडलं, दीदी घाबरू नका म्हणाले, आणि तिला उचलून काठावर नेऊन ठेवलं. तिला काही बोलायला सवडच मिळाली नाही. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. आईनं पुन्हापुन्हा विचारल्यावर एवढंच म्हणाली, "पोत्यासारखं नेलं मला."

शाळेच्या मुख्याध्यापिका मनीषा मॅडम मनानं चांगल्या. त्या धसकल्या आणि त्यांनी वर लिहून कळवलं. वरून पत्र आलं की जिल्हा कार्यालयात टेबलाची जागा आहे, सडक पक्की आहे, रॅम्प आहे. हवं असेल तर शाळा उघडण्याच्या आत होय किंवा नाही कळवावं. आता मोहनियात अकरावी-बारावीला गणित शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि चिन्मयीला फायली सरकवायला आवडणार नव्हतं हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तिनं पत्रासोबत आलेला उत्तराचा कागद कोरा ठेवून पर्समध्ये टाकला.

"ट्रक वर उचलून घ्या बाबा," ती म्हणाली. "रपट्यावरून न लागता गेला तर मी मोहनियातच राहते. लागला तर होय लिहून सही करते."

गाडी उचलायच्या तऱ्हा दोन. अच्युतरावांनी त्या प्रमोदिनीबाईंना जेवताना समजावल्या, आणि त्यांना समजल्या म्हणजे कोणालाही समजतील. एक, बॉडी उचलायची. केबिन आणि हौदा चेसिसवरून सोडवायचे आणि मध्ये जाड रबरी ठोकळे घालायचे. दुसरी, कमान्या उचलायच्या. चाकांवर वाकलेल्या लोखंडी पट्ट्यांची जी चळत असते तिला पुण्याकडे पाटे म्हणतात, जबलपुरात कमानी. अनेक असल्या की मराठी तोंडात कमान्या आणि हिंदी तोंडात कमानियां. त्या उंच केल्या की चेसिससकट सगळी गाडी वर जाते. पहिलं म्हणजे डोक्यावर पगडी चढवणं, दुसरं म्हणजे पाय लांब करणं. एवढं कळल्यावर प्रमोदिनीबाईंनी विचारलं की लागतंय तर पोट, मग पगडी चढवून काय होणार? अच्युतरावांनी वरणाची वाटी पुढे ओढली.

चिन्मयीचं म्हणणं तेच होतं. बॉडी उचलली तर सीट वर जाईल आणि पाट चेसिसबरोबर खालीच राहील, म्हणजे तिची उडी वाढेल. शिवाय पोट जिथल्या तिथं. त्याच्या जोडीला टायर मोठे घातले तर पोट फक्त इंचभर उचलेल, पण सीट जमिनीपासून अजून वर जाईल. कमान्या उचलल्या तर पोट अडीच इंच वर, पाट आणि सीट बरोबरीनं वर. वाढेल तो खुर्चीवरून पाटावर जायचा चढ, आणि तिथं फळी आहेच. तिनं हे सगळं वहीच्या पानावर आकृती काढून दाखवलं. गणिताचीच बाई ती.

"केबिन कुठं लागून राहिली बाबा? पोट लागून राहिलं," ती म्हणाली.

अच्युतरावांचा मुद्दा वेगळा होता, आणि खोटाही नव्हता. उंच कमान्या म्हणजे जाड पट्ट्या, आणि जाड पट्ट्या म्हणजे गचके. जुन्या कमान्या झिजून मऊ झालेल्या, त्यांच्यावर ट्रक पाळण्यासारखा चालायचा. चिन्मयीला मोठा गचका बसला की पाय आपोआप झटके मारतात आणि मग कमरेचा तोल जातो. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की पाठीला धक्के नकोत. चौतीस वर्षं फौजी ट्रकांत बसून बघितलेल्या माणसाला कडक कमानी काय असते ते कोणी शिकवायला नको. हा झाला सांगायचा मुद्दा. न सांगायचा असा की मुलगी शहरात पक्क्या सडकेवर टेबलाशी बसली तर बापाला झोप लागेल. हे त्यांनी प्रमोदिनीबाईंनाच काय, स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. पोट रपट्याला लागत राहिलं तर सही होईल, असा विचार मनात आला की ते रेडिओ मोठा करायचे.

मग माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. घरी म्हणाले, बरं, बघू. आणि रांझीला योगेंद्रच्या गॅरेजात जाऊन सांगून आले की बॉडीच उचल, कमान्यांना हात लावू नको. योगेंद्र त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा, अच्युतरावांना काकाजी म्हणणारा, हातानं हुशार आणि तोंडानं त्याहून हुशार. ट्रकचा हौदा सडला होता म्हणून तो आधी आधारतालला बॉडीवाल्याकडे पत्रा मारायला टाकायचा, आणि दोन दिवसांनी योगेंद्रनं तिथून उचलायचा असं ठरलं. जादा किल्लीही त्याच्या हाती देऊन आले. प्रमोदिनीबाईंना मात्र सांगून ठेवलं, आणि तिथेच चुकलं, कारण प्रमोदिनीबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही.

चिन्मयीला कळलं तेव्हा ती घरातून निघायच्या बेतात होती. त्या दिवशी खुर्चीवरून जाता येईल इतक्या जवळच्या केंद्रात पुरवणी परीक्षेचे पेपर तपासायचे होते आणि तिथं मोबाइल दारात जमा करावा लागतो. रागानं तिचं डोकं फिरलं, पण बाबांशी भांडायला वेळ नव्हता. बाबा तेव्हा घरातही नव्हते. त्यांचा फोन होता. फोन हा चार्जिंगला लावून घरी ठेवायचा असतो, असा अच्युतरावांचा समज आहे. मग तिनं तपासणी केंद्राच्या दारातूनच योगेंद्रला निरोप टाकला, इंग्रजी अक्षरांत हिंदी, आजकाल सगळे टाकतात तसा. भैया, गाड़ी कमानियां से उठानी है, बॉडी से नहीं. आणि फोन जमा करून आत गेली.

आता गंमत बघा. इंग्रजी अक्षरांत बिंदी कुठून येणार? योगेंद्रनं वाचलं, गाड़ी कमानिया से उठानी है. त्याला वाटलं, ट्रक जुन्या बाजारातल्या कमानिया गेटला, ज्याला सगळे नुसतं कमानिया म्हणतात, तिथं उभा आहे आणि तिथून आणायचा आहे. बॉडी से नहीं, म्हणजे बॉडीवाल्याकडे जाऊ नको. सगळं चपखल बसलं. चिन्मयीदीदीचा फोन बंद, काकाजींचा फोन चार्जिंगला. पठ्ठ्यानं किल्ली खिशात टाकली आणि गेला कमानिया गेटला.

कमानिया गेटच्या गर्दीत माणूस सापडत नाही, तिथं त्याला ट्रक सापडायचा होता. भांड्यांच्या दुकानांपासून सराफ्यापर्यंत तो विचारत फिरला की पांढरी पिकअप बघितली का, दाराशी पाट लावलेली. पाट लावलेली गाडी ऐकून लोक त्याच्याकडे बघायचे. तासाभरानं तो गेटामागच्या एका बोळात शिरला आणि एका पत्र्याच्या दुकानापाशी टेकला. आत भट्टी होती, ऐरण होती आणि पन्नाशीची एक बाई तापलेली पट्टी हातोड्यानं वाकवत होती. लोक तिला बेबीदीदी म्हणतात. तिनं पाणी दिलं आणि काय हरवलंय विचारलं. योगेंद्रनं मोबाइलच पुढे केला.

बेबीदीदीनं निरोप एकदा मनात वाचला आणि एकदा मोठ्यानं. मग ती हातोडा खाली ठेवून इतकी हसली की शेजारचा चहावाला बघायला आला.

"अरे, कमानिया नहीं, कमानियां. गाड़ी की कमानियां. बिंदी खा गया तेरा मोबाइल," ती म्हणाली. आणि हातातली पट्टी त्याच्यासमोर धरून दाखवली. कारण बेबीदीदीचं दुकान होतं ते कमान्यांचंच.

योगेंद्रच्या जागी दुसरा कोणी असता तर ओशाळून निघून गेला असता. तो बसला. तोंड आहे म्हणून वापरायचं अशा जातीचा माणूस. त्यानं चिन्मयीदीदी कोण, ती गाडी कशी चालवते, रपटा कसा आहे, काकाजींना गचक्यांची भीती कशी आहे, सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता बेबीदीदीचं हसू थांबलं. शेवटी तिनं सांगितलं की त्या काकाजींना इकडे पाठव.

चार वाजता योगेंद्र चेरीतालला आला आणि अंगणातच त्यानं सगळा पाढा वाचला. तेवढ्यात चिन्मयी पेपर संपवून दारात. अच्युतराव तोंड उघडणार की तू माझ्या मागे निरोप काहून धाडला, तर ती आधीच म्हणाली, "तुम्ही माझ्या मागे गेले, मी तुमच्या मागे गेली. हिशेब बरोबर."  खुर्ची वळवून आत गेली आणि दार लावून घेतलं. तिनं आदळआपट केली असती तर अच्युतरावांना बरं वाटलं असतं. ते बराच वेळ अंगणात उभे राहिले. प्रमोदिनीबाईंनी ओट्यावर आणून ठेवलेला चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कमानियाला गेले. मनात म्हणत होते, जाऊन तर येऊ, म्हणजे पुन्हा कोणी बोलायला नको. तांग्यांच्या कमान्या करणारी बाई मला चेसिस शिकवणार! कारण बेबीदीदीचे वडील तांग्यांच्याच कमान्या करायचे. तांगे गेले, आता ती हातगाड्यांच्या आणि लोडिंग रिक्षांच्या करते. अच्युतरावांनी तिला जाड पट्टी, भार, गचका, सगळं पाच मिनिटांत ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं. मग माळ्यावरून एक काळी पडलेली जुनी कमानी ओढून काढली. नऊ पट्ट्या, भाकरीच्या कडेएवढ्या पातळ, आणि बाक चांगला उंच.

तिच्या घरात हिला जच्चावाली म्हणत. जच्चा म्हणजे बाळंतीण. त्या काळी एक तांगा पोटुशा बायांना दवाखान्यात न्यायचा आणि रस्ते असे की बाई वाटेतच मोकळी व्हायची. तेव्हा तिच्या वडिलांनी जाड चार पट्ट्यांच्या जागी पातळ नऊ घातल्या, बाक वाढवला आणि भट्टीत तापवून पुन्हा पाणी दिलं. उंचीही आली आणि गचकाही गेला. भार तोच, पण वाटून घेणारे जास्त. अच्युतरावांना हे पुस्तकातून माहीत असायला हवं होतं आणि माहीत होतंही. फौजी ट्रकांत कोणी मऊपणा मागितला नव्हता, म्हणून कधी करून बघितलं नव्हतं, इतकंच.

बेबीदीदीनं कमानी जमिनीवर ठेवली, वर एक फळी टाकली आणि म्हणाली, चढा. अच्युतरावांनी नेहमीप्रमाणे डावा पाय पुढे केला. ती म्हणाली, तो नाही, दुसरा. त्यांनी उजवा पाय ठेवला आणि दात आवळून अंगाचा भार टाकला. कमानी खाली गेली, थांबली, आणि हळूच वर आली. गुडघ्यात कळ आली नाही. त्यांनी पुन्हा केलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा गुडघा गप्प होता.

"घुटना कब से?" तिनं विचारलं.

"छह साल से," अच्युतराव म्हणाले. बायकोला जे कधी सांगितलं नाही ते या बाईला पहिल्या भेटीत सांगून बसले.

बेबीदीदीनं कमानी उचलून भट्टीजवळ ठेवली आणि त्यांच्याकडे पाठ करूनच विचारलं, "काकाजी, डर आपको कमानी का है, कि बिटिया के जाने का?"

अच्युतराव फळीवर बसले. भट्टीची धग लागत होती आणि डोळे चुरचुरायला धूर होताच, त्यामुळे त्यांना रुमाल काढायला निमित्त मिळालं. बराच वेळ तिनं वळून बघितलं नाही. ते अजून सांगतात की त्या बाईनं तेव्हा वळून बघितलं नाही, त्याचे उपकार कमानीपेक्षा मोठे. मग ते उठले आणि म्हणाले, माप घ्यायला ट्रक कधी आणू?

घरी येऊन त्यांनी चिन्मयीच्या दारावर टकटक केली. आत गेले नाहीत, दारातूनच म्हणाले, "चिनू, माझं चुकलं. मला वाटून राहिलं होतं की ट्रक लागावा आणि तू सही करावी." असं तोंडानं म्हणायला बापाला काय पडतं ते बापालाच ठाऊक. आत खुर्चीची चाकं वळली. मग ती म्हणाली, "माहीत होतं मला. चलो, आता चहा टाका." आणि त्या घरात पुन्हा चहा झाला.

कमान्या व्हायला पंधरा दिवस लागले. रोज सकाळी अच्युतराव कमानियाला हजर. बेबीदीदी पट्टी तापवायची, हे बाक मोजायचे, आणि चुकलं की दोघं भांडायचे. योगेंद्रनं त्या चारही चाकांवर चढवल्या, ब्रेकचे पाइप लांब घातले, मागच्या शाफ्टचा कोन सारखा केला. अच्युतरावांनी काकाजीपण बाजूला ठेवून त्याच्या हाताखाली पाने धरले. पोट अडीच इंच वर आलं. त्यांनी पट्टीनं तीनदा मोजलं आणि तीनदा अडीचच आलं.

राहिला पाट. अंगणात चिन्मयीनं पहिल्यांदा खुर्ची लावली, फळी टाकली आणि सरकायला लागली. चढ आता उभा झाला होता. निम्म्यातच ती मागे खुर्चीत घसरली. अच्युतरावांचे हात पुढे आले होते. प्रमोदिनीबाईंनी बघितलं की त्यांनी ते पाठीमागे नेले आणि एका हातानं दुसरा हात घट्ट धरून ठेवला. दुसऱ्या खेपेलाही ती घसरली. तिसऱ्या खेपेला तिनं फळी थोडी तिरकी लावली, दाराच्या कडीला धरलं, आणि पाटावर पोचली. पाटावरून सीटवर तर ती रोजच्यासारखी गेली. घाम पुसत म्हणाली, नऊ मिनिटं. आठवड्याभरात सातवर आणते. अच्युतरावांनी तेव्हा कुठं हात सोडले. मनगटावर बोटांचे वळ उठले होते.

शाळा सोमवारी उघडणार होती. रविवारी सकाळी दोघं मोहनियाला निघाले. चिन्मयी चाकाशी, अच्युतराव शेजारी, आणि शेजारची जागा त्यांनी घेतल्यामुळे घडी घातलेली व्हीलचेअर त्यांच्या मांडीवर. तो कागद तिच्या पर्समध्ये कोराच होता. बरगी मागे पडलं, सडक संपली, आणि खडीच्या रस्त्यावर ट्रक लागला. अच्युतराव तिच्या पायांकडे बघत होते. पाय शांत होते. खड्डे यायचे, ट्रक खाली जायचा आणि हळूच वर यायचा.

मग रपटा आला. नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं. मधला दगडांचा उंचवटा तसाच. चिन्मयीनं गाडी थांबवली, एकदा बघितलं, आणि हळू पुढे घेतली. पुढची चाकं खड्ड्यांत उतरली. अच्युतरावांनी डोळे मिटले. चौतीस वर्षांत इतके ट्रक त्यांच्या हातून गेले, पण देवाचं नाव त्यांनी ट्रकसाठी कधी घेतलं नव्हतं. ते आता घेतलं, आणि खट्ट व्हायची वाट बघत बसले. खुर्चीचं चाक छातीशी आवळून धरलेलं. मागची चाकं उतरली, चढली. काही झालं नाही. अजून काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा ट्रक पलीकडच्या काठावर होता आणि चिन्मयी त्यांच्या शर्टाच्या खिशातला पेन काढत होती.

तिनं कागद स्टीअरिंगवर धरला आणि लिहिलं, नाही. खाली सही केली. अच्युतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बेबीदीदी आठवली, योगेंद्र आठवला, रागारागानं टाकलेला तो निरोप आठवला, आणि त्यांना वाटलं की आपल्या हातून काहीच नीट झालं नव्हतं, तरी सगळ्यांनी मिळून ते नीट केलं. असं ते तेव्हा बोलले नाहीत. आता सगळ्यांना बोलून दाखवतात.

शाळेच्या अंगणात मनीषा मॅडम किल्ल्या घेऊन उभ्या होत्या. ट्रकचा आवाज ऐकून, पुन्हा रपट्यात अडकला असेल म्हणून, त्या माणसं बोलवायला धावणारच होत्या. चिन्मयीनं बाबांच्या मांडीवरची खुर्ची ओढून घेतली, बाहेर उघडली, सीटवरून पाटावर, पाटावरून खुर्चीत उतरली, आणि कागद मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी तो वाचला, बारावीच्या मुलांना सांगते म्हणाल्या, आणि डोळे पुसत आत गेल्या.

अच्युतराव अजून केबिनमध्येच होते. त्यांच्या बाजूला पाट नव्हता. सकाळी घरून निघताना ओट्याच्या कडेवरून चढले होते, तेव्हा कळलं नाही. इथं खाली नुसती जमीन, आणि ती आता अडीच इंच लांब. डावा पाय खाली सोडला तर भार उजव्या गुडघ्यावर येत होता. उजवा सोडला तर टेकत नव्हता. त्यांनी तीन वेळा पाय बदलून बघितले. मग आजूबाजूला पेरूचं झाड आहे का बघितलं.

खुर्चीचा आवाज आला. चिन्मयी ट्रकला वळसा घालून त्यांच्या दारापाशी आली होती, मांडीवर फळी. ती बराच वेळ बघत असावी. तिनं खुर्चीचे ब्रेक लावले, फळीचं एक टोक सीटवर ठेवलं, दुसरं आपल्या मांडीवर दाबून धरलं, आणि खांदा पुढे केला.

"बाबा," ती म्हणाली, "उचलू का?"

अच्युतराव तिच्याकडे बघत राहिले. दहा वर्षांपूर्वीची ती पलंगावरची पोर आठवली, जिला ते दिवसातून आठदा उचलायचे. मग त्यांनी दोन्ही हात तिच्या खांद्यावर ठेवले.

"उचल," ते म्हणाले.